वेळ लागला की वेळ झाली? : मुंबई–दुबई विमानप्रवासाचे अंतर, अवधी आणि मराठी भाषा

४.१ प्रास्ताविक



काही वर्षांपूर्वी हिंगोली येथील अभ्यासकेंद्रावर व्याकरणाचे संपर्कसत्र चालू होते. विषय होता लिंगविचार. सत्र संपल्यावर सेनगाव तालुक्यातील एक विद्यार्थिनी पुढे आली आणि तिने वहीत घडी करून ठेवलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. ते विमानाचे तिकीट होते. तिचे यजमान वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामासाठी दुबईला निघाले होते. तिकिटावर जातानाची नोंद होती : मुंबई ०४:१५, दुबई ०५:५५. येतानाची नोंद होती : दुबई २२:००, मुंबई ०२:२५. तिने बोटांवर हिशेब केला होता. जायला एक तास चाळीस मिनिटे आणि यायला चार तास पंचवीस मिनिटे. तिचा प्रश्न असा : “सर, वाट तर एकच आहे. मग येताना हे विमान कुठून फिरून येतं? एजंटानं दुसरंच काही तिकीट तर दिलं नाही ना?”

वर्गातील दोघेतिघे हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. उसनवारी करून तिकिटाचे पैसे भरलेल्या कुटुंबाला एजंटाविषयी शंका येणे स्वाभाविक आहे; शिवाय तिच्या वजाबाकीत एकही चूक नव्हती. चूक कुठे असेल, तर ती एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टींचा बोध करून देणाऱ्या आपल्या भाषिक सवयीत होती. त्या दिवशी मी तिला पाच मिनिटांत उत्तर दिले. पण ते उत्तर अपुरे होते. प्रस्तुत पाठात तेच उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न आहे. माहितीपर लेखन करताना अंतर, अवधी आणि घड्याळातील वेळ या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा ठेवाव्यात, हे या निमित्ताने आपल्याला पाहता येईल. थोडे गणित येईल. परंतु पावकी-निमकीच्या पलीकडचे नाही.

४.२ अंतर कशाने मोजायचे?

हिंगोलीत कोणालाही विचारा, “नांदेड किती लांब आहे?” उत्तर बहुधा किलोमीटरमध्ये येणार नाही. “दोन तासांवर आहे” असे येईल. प्रश्न अंतराचा आणि उत्तर अवधीचे, तरीही ऐकणाऱ्याचे पूर्ण समाधान होते. भाषेला ही गोष्ट नवी नाही. ‘मजल’ हा शब्द पाहा. अरबी ‘मंझिल’वरून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ प्रवासातील मुक्कामाचे ठिकाण, आणि त्यावरून एका दिवसात होणारी चाल. ‘मजल दरमजल’ करीत जाणारा वाटसरू दिवसाच्या मापाने रस्ता मोजत होता. चढ असेल तर मजल आखूड आणि सपाटी असेल तर लांब. पण चालणाऱ्याला हवी असलेली माहिती तीच होती.

‘कोस’ या शब्दाची कथा याहून रंजक आहे. तो संस्कृत ‘क्रोश’ या शब्दापासून आला आणि ‘क्रोश’ म्हणजे ओरडणे, हाक. ‘आक्रोश’ या शब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. म्हणजे कोस हे मूळचे कानाने मोजलेले अंतर. आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो, तेव्हा कोसाचा विसरलेला अर्थच नव्या शब्दांत सांगत असतो. साहजिकच कोसाची लांबी प्रांतोप्रांती बदलत होती. साधारणतः दोन मैल, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास, एवढेच सांगता येते. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. पण तो कोसही सगळीकडे सारखा नव्हता, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवलेले बरे.

‘अंतर’ हा शब्द स्वतःच दुहेरी आहे. दोन गावांमधील अंतर असते, तसे दोन घटनांमधीलही असते. दोन भावांच्या वयांत चार वर्षांचे अंतर असते. ‘अंतर पडणे’, ‘अंतर न देणे’ हे वाक्प्रचार तर नात्यांविषयीच आहेत. स्थळ, काळ आणि मन या तिन्हींना हा एक शब्द पुरतो. ललित लेखनात ही श्रीमंती ठरते. तिकीट वाचताना मात्र ती अडचणीची होऊ शकते.

हिंगोलीहून दुबईला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दुहेरीपणाला फार ठोस अर्थ आहे. हिंगोली ते मुंबई हे अंतर नकाशावर सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर भरते. रस्त्याने अथवा रेल्वेने ते याहून बरेच वाढते आणि एक अख्खी रात्र घेते. मुंबई ते दुबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे आधीच्या चौपटीहून अधिक. आणि ते जवळपास तीन तासांत संपते. घरातील माणसांना मग असे वाटू लागते की मुंबई दूर आहे आणि दुबई मुंबईच्या पलीकडेच कुठेतरी आहे. तासांच्या मापाने हे खरेही आहे.

४.३ ‘सरळ’ रेषा आणि विमानाची वाट

वर दोनदा ‘सरळ रेषेत’ असे म्हटले. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पाठीवर खरी सरळ रेषा काढता येत नाही. ती काढायची तर जमिनीच्या पोटातून बोगदा खणावा लागेल. विमानप्रवासात ज्याला थेट अंतर म्हणतात, ते गोलाच्या पृष्ठभागावरील सर्वांत लहान वक्राचे अंतर असते. पृथ्वीचा गोल समोर ठेवून दोन शहरांवर दोरा ताणून धरला, की तो दोरा आपोआप ज्या वाटेवर बसतो ती ही वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे असेच एक बृहद्वृत्त आहे. इतर अक्षवृत्ते तशी नाहीत, आणि म्हणूनच सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा नेहमीच सर्वांत जवळची वाट नसते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची वाट सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते. गोलावर दोरा ताणून पाहिले की ती फुगवटी नकाशाची आहे, वाटेची नाही, हे कळते. मुंबई आणि दुबई ही शहरे त्यामानाने जवळ असल्यामुळे येथे हा फरक नगण्य आहे.

दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की हे अंतर कागदावर काढता येते. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ उत्तर अक्षांश आणि ७२.९ पूर्व रेखांशावर आहे, तर दुबईचा २५.३ उत्तर आणि ५५.४ पूर्व येथे. वाटेचा मध्यबिंदू अरबी समुद्रात, मकरानच्या किनाऱ्याच्या दक्षिणेस पडतो. वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये न सांगता सागरी मैलांत सांगतात : सुमारे १,०४०. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साधारण साठावा भाग. जहाजांसाठी घडलेले हे माप विमानांनी जसेच्या तसे उचलले. शब्दही उचलले गेले. विमानाचा तळ ‘बंदर’ नसला तरी त्याचा प्रमुख ‘कॅप्टन’ झाला, आणि त्याच्या वेगाचे एकक ‘नॉट’, म्हणजे मूळची जहाजावरील दोराची गाठ, हेच राहिले.

अंतर मोजण्याच्या खटाटोपाचा एक धागा आपल्याच प्रदेशातून गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन दक्षिणेकडून एकेक त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हे त्याला त्या मोजणीतून शोधायचे होते. २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, काम अर्धे असताना. आज संगणक निमिषार्धात दोन विमानतळांमधील अंतर सांगतो. त्यामागे डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर दुर्बिणी चढवणाऱ्या अशा माणसांची पायपीट आहे.

प्रत्यक्ष विमान मात्र दोऱ्याच्या वाटेने काटेकोरपणे जात नाही. हवेतही ठरलेले मार्ग असतात, एका खुणेच्या बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे जावे लागते, उतरण्यासाठी धावपट्टीच्या योग्य टोकाला वळसा घ्यावा लागतो आणि गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कधी राजकारणही आड येते. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. शहरे जागची हलली नव्हती. दोऱ्याचे अंतर तेच होते. वाट लांबली होती.

४.४ कराची ते मुंबई, १९३२

दोन आशियाई शहरांमधील विमानप्रवासाचा विचार मराठी वाचकाने करायचा, तर एका जुन्या प्रवासाची आठवण अपरिहार्य आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक इंजिनाचे लहान विमान कराचीहून उडवले आणि अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरवले. विमानात प्रवासी नव्हते. टपालाच्या थैल्या होत्या. लंडनहून कराचीपर्यंत हवाईमार्गे आलेले टपाल पुढे मुंबईला आणि तेथून मद्रासला न्यायचे, अशी ती सेवा होती. पुढचा टप्पा नेव्हिल व्हिंटसेंट यांनी पार पाडला.

कराची ते मुंबई थेट अंतर नऊशे किलोमीटरहून थोडे कमी आहे. अहमदाबादमार्गे ते हजाराच्या थोडे वर जाते. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. भागाकार करून पाहा : साडेसहा तास. सकाळी निघालेले विमान दुपारी जुहूला पोचले ते यामुळेच. आज मुंबईहून दुबईला, म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर, माणूस याच्या निम्म्या वेळात पोचतो.

यात एक तपशील बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९३२ साली कराची आणि मुंबई ही ‘परदेशी’ शहरे तर नव्हतीच. ती एकाच मुंबई इलाख्यातील शहरे होती. सिंध प्रांत मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी. मराठी कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त कराचीत राहत होती आणि सुट्टीत गावी येत होती. त्यांच्या दृष्टीने ते अंतर आगबोटीच्या किंवा आगगाडीच्या प्रवासाएवढे होते. आज थेट अंतर तेवढेच असूनही मुंबईकरांना कराचीपेक्षा दुबई कितीतरी जवळची आहे. दोऱ्याने मोजलेले अंतर आणि माणसांमधले अंतर यांचा संबंध असा सैल असतो.

४.५ तीन तास कुठे जातात?

आता अवधीकडे वळू. मोठे प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. १,९३० भागिले ८५० केले तर दोन तास सोळा मिनिटे येतात. तिकिटावर मात्र तीन तास किंवा त्याहून थोडे अधिक दिसतात. हे पाऊण-एक तास कुठे गेले?

तिकिटावरची निघण्याची वेळ ही विमान हवेत उडण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हलण्याची ती वेळ असते. पोचण्याची वेळही तशीच, जागेवर येऊन थांबण्याची. मधल्या काळात विमान धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाते, रांगेत उभे राहते, मग उडते. चढताना आणि उतरताना त्याचा वेग पूर्ण नसतो. वळशांचा हिशेब आपण वर केलाच आहे. शिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागाही राखतात, म्हणजे किरकोळ विलंब झाला तरी विमान ‘वेळेवर’ पोचल्याचे म्हणता येते. एस. टी.च्या वेळापत्रकाशी परिचय असलेल्यांना हे फार समजावून सांगावे लागू नये.

उरला वारा. विमानाचा ताशी ८५० किलोमीटर हा वेग त्याच्या भोवतीच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. ती हवाच वाहत असेल, तर तिचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो. नदीत नाव प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध नेण्याचे शाळेतील उदाहरण आठवा. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेकडे, विशेषतः हिवाळ्यात, उंचावरून जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा, वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. दुबईकडे जाताना विमानाला ८०० चा वेग मिळेल आणि दोन तास पंचवीस मिनिटे लागतील. परतताना ९०० चा वेग मिळेल आणि दोन तास नऊ मिनिटे पुरतील. फरक सुमारे पाव तासाचा. पावसाळ्यात द्वीपकल्पावर उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात, तेव्हा हे गणित बदलते.

येथे एक शंका हमखास विचारली जाते : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर दुबईच आपल्याकडे चालत येणार नाही का? येणार नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारणारा माणूस मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसेच हे.

म्हणजे वाऱ्याने जाण्या-येण्यात पाव तासाचा फरक पडतो. आमच्या विद्यार्थिनीच्या हिशेबात मात्र पावणेतीन तासांचा फरक आला होता. तो वाऱ्याचा असणे शक्य नाही.

४.६ दोन घड्याळे

सूर्य एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे घेतो. हिंगोली सुमारे ७७.१ रेखांशावर आहे आणि मुंबई ७२.९ वर, म्हणून हिंगोलीत सूर्य मुंबईपेक्षा साधारण सतरा मिनिटे आधी उगवतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, कारण मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची वेळ साऱ्या देशाने स्वीकारली आहे. ही भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली. मुंबईला ती मानवली नाही. सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ त्या शहराने पुढे जवळजवळ पन्नास वर्षे, १९५५ पर्यंत, जपली. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक सांगे आणि नगरपालिकेचे दुसरे. प्रमाणभाषा आणि बोली यांच्यातील संबंधांचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रमाणवेळेच्या या इतिहासाकडेही एकदा पाहावे. स्थानिकतेचा आग्रह आणि सोयीसाठी स्वीकारलेला नियम यांच्यातील ओढाताण दोन्हीकडे सारखी आहे.

भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे, तेथील वेळ ग्रिनिचच्या चार तास पुढे. दोहोंत दीड तासाचे अंतर. सूर्याने विचाराल, तर मुंबई आणि दुबई यांच्यात सत्तरच मिनिटांचे अंतर आहे. उरलेली वीस मिनिटे दोन सरकारांच्या ठरावांची आहेत. ‘दीड’, ‘अडीच’, ‘सव्वा’, ‘पावणे’, ‘साडे’ अशा अपूर्णांकांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत, आणि पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी त्यांची परंपराही आहे, याचा येथे उपयोग होतो. साडेपाचातून चार गेले की दीड, हे मराठी माणसाला कागद न घेता सांगता येते.

आता तिकिटाकडे परत येऊ. मुंबईहून ०४:१५ ला निघालेले विमान दुबईच्या घड्याळात ०५:५५ ला पोचते. त्या क्षणी हिंगोलीतल्या घड्याळात ०७:२५ वाजलेले असतात. म्हणजे प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. परतताना दुबईचे २२:०० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. तेथून ०२:२५ पर्यंत दोन तास पंचावन्न मिनिटे. जाण्या-येण्यातील खरा फरक पंधरा मिनिटांचा आहे आणि तो वाऱ्याचा आहे. एजंटाने काहीही गैर केलेले नव्हते.

एक गंमत सांगून ठेवतो. दोन देशांच्या वेळांमधील फरक ठाऊक नसला, तरी जाण्या-येण्याचे दोन्ही भासमान अवधी मिळवून त्यांची निमपट करावी. एक तास चाळीस मिनिटे अधिक चार तास पंचवीस मिनिटे म्हणजे सहा तास पाच मिनिटे. त्याचे निम्मे तीन तासांहून दोन-अडीच मिनिटे अधिक. जाताना घड्याळाने जे लपवले तेच येताना वाढवून दाखवले, त्यामुळे बेरजेत ते आपोआप छाटले जाते. कोणाचेही परतीचे तिकीट हाती लागले, तर ही युक्ती करून पाहा.

४.७ ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’

त्या दिवशी सत्राचा विषय लिंगविचार होता, हे मी वर मुद्दाम नोंदवले. तिकिटाची सारी गुंतागुंत ज्या एका भेदाने सुटते, तो भेद मराठीने लिंगाच्या द्वारे केलेला आहे.

पुढील वाक्ये मोठ्याने वाचा. ‘विमानाची वेळ झाली.’ ‘विमानाला वेळ लागला.’ पहिल्यात ‘वेळ’ स्त्रीलिंगी आहे आणि तिचा अर्थ घड्याळातील एक बिंदू. दुसऱ्यात ‘वेळ’ पुल्लिंगी आहे आणि त्याचा अर्थ एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचा अवधी. जेवणाची वेळ असते. जेवायला वेळ लागतो. वाईट वेळ येते. फुकट वेळ जातो. ‘निघायची वेळ झाली’ असे म्हणणारा घाई करतो आणि ‘किती वेळ झाला!’ असे म्हणणारा कंटाळलेला असतो. संस्कृत ‘वेला’ हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचा अर्थ सीमा, किनारा, समय असा होता. मराठीने त्यातून दोन संकल्पना वेगळ्या काढल्या आणि नवा शब्द न घडवता केवळ लिंगभेदाने त्यांना वेगळे ठेवले. हिंदीतील ‘समय’ किंवा ‘वक़्त’ या शब्दांना ही सोय नाही.

हा भेद सामान्यरूपातही टिकतो. ‘थोड्या वेळाने या’ म्हटले तर पुल्लिंगी आणि ‘ठरल्या वेळेला या’ म्हटले तर स्त्रीलिंगी. ‘वेळात वेळ काढणे’ आणि ‘वेळेत पोचणे’ हेही तसेच. अनेकवचन फक्त स्त्रीलिंगी वेळेला मिळते : ‘गाड्यांच्या वेळा’. अवधीचे अनेकवचन होत नाही, कारण तो मोजायचा असतो, गणायचा नसतो. आपल्याकडे बोलताना ‘येळ’ असा उच्चार ऐकू येतो. परंतु ‘लई येळ लागला’ आणि ‘जायची येळ झाली’ हा फरक बोली तितक्याच काटेकोरपणे पाळते. ‘अशुद्ध’ म्हणून जिची हेटाळणी केली जाते, ती बोली येथे लेखनभाषेपेक्षा काकणभर सरसच आहे. लेखनात आता ‘वेळेची बचत’, ‘वेळेचा अपव्यय’ असे प्रयोग सर्रास दिसतात; त्यांत अर्थ अवधीचा आणि रूप स्त्रीलिंगी आहे. हे प्रयोग रूढ झाले आहेत, त्यांना चूक ठरवण्यात अर्थ नाही. तरी भेद पुसट होत चालल्याची ती खूण आहे, असे माझे मत आहे.

तिकिटावर छापलेल्या असतात त्या वेळा : स्त्रीलिंगी, अनेकवचनी, आणि प्रत्येक वेळ त्या त्या गावची. विद्यार्थिनीला हवा होता तो वेळ : पुल्लिंगी. एका गावची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेतून वजा केली, तर वेळ मिळत नाही. आधी दोन्ही वेळा एकाच गावच्या कराव्या लागतात. एवढेच तिच्या प्रश्नाचे उत्तर होते.

४.८ रात्रीचे साडेबारा कोणत्या दिवसाचे?

हा शेवटचा मुद्दा लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण यातील चूक माझी स्वतःची आहे. वसमतला राहणारा माझा एक भाचा प्रथमच आखातात निघाला होता. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० ही वेळ होती. मी त्याला फोनवर सांगितले, “पंधरा तारखेला रात्री बारा चाळीसला विमान आहे.” तो पंधरा तारखेच्या रात्री साडेनऊ वाजता सामानासह विमानतळावर हजर झाला. विमान आदल्या रात्रीच गेले होते. तिकिटाचे पैसे बुडाले, नवे तिकीट दुप्पट दराने काढावे लागले आणि नोकरीच्या ठिकाणी तो दोन दिवस उशिरा रुजू झाला. भाषाविज्ञानाची पदवी घरात असूनही हे घडले.

चूक त्याची नव्हती. मराठीत दिवस मध्यरात्री बदलत नाही. पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो, आणि आपली बोलण्याची रीतही तीच आहे. ‘शनिवारी रात्री साडेबाराला पाहुणे आले’ असे म्हणणाऱ्याच्या मनात शनिवारच्या सायंकाळनंतर येणारी रात्र असते. इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे तेव्हा रविवार लागलेला असतो. तिकीट दिनदर्शिकेची भाषा बोलते आणि आपण सूर्याची. ‘रविवारी पहाटे साडेबारा’ असे लिहून काही वृत्तपत्रे सुटका करून घेतात. पण साडेबाराला पहाट म्हणायला कोणाचीही जीभ वळत नाही.

अशा वेळी माहिती देणाऱ्याने दोन्ही दिवसांची नावे घ्यावीत : ‘१४ आणि १५ तारखेच्या मधल्या रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी’. त्याहून चांगले म्हणजे विमानाची वेळ न सांगता माणसाने काय करायचे ते सांगावे : ‘१४ तारखेला रात्री साडेनऊच्या आत विमानतळावर पोचावे.’ आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी साधारण तीन तास आधी पोचण्याची सूचना असतेच. वाक्य थोडे लांबते, परंतु विमान चुकत नाही.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांत ‘वेळ’ या शब्दाचे लिंग ओळखा आणि अर्थभेद स्पष्ट करा : (अ) बस सुटायला अजून वेळ आहे. (आ) बस सुटायची वेळ टळून गेली. (इ) तुमचा फार वेळ घेतला. (ई) वेळेचे नियोजन आवश्यक आहे. यांपैकी चौथ्या वाक्यात लिंगनिश्चिती करताना कोणती अडचण येते?

२. आपल्या गावात अंतर सांगण्यासाठी वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग वयस्कर व्यक्तींकडून मिळवा. त्यांपैकी कोणते स्थळाचे, कोणते काळाचे आणि कोणते ऐकण्याचे किंवा दिसण्याचे माप आहे, ते नोंदवा.

३. ‘मुंबईहून प्रयाण : मंगळवार, २३:५०, दुबई येथे आगमन : बुधवार, ०१:२५’ या नोंदीवरून प्रवासाचा खरा अवधी काढा. त्यानंतर हिंगोलीहून मुंबईस रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या, प्रथमच विमानप्रवास करणाऱ्या एका नातेवाइकास, त्याने घरातून कोणत्या दिवशी निघावे येथपासून दुबईत उतरल्यावर त्याने घरी केलेला फोन हिंगोलीत किती वाजता येईल येथपर्यंतचा तपशील देणारे पत्र दोनशे शब्दांत लिहा.